भरणाऱ्यांचा कर, न भरणाऱ्यांची मजुरी

प्रस्तावना

आयकरावरची मराठी पुस्तके बहुतेक आयकर भरणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. अर्थसंकल्प झाला की महिन्या-दोन महिन्यांत ती दुकानांत येतात. कुठल्या कलमाखाली किती वजावट मिळेल, जुनी पद्धत धरावी की नवी, घरकर्जाच्या व्याजाचे काय, हे त्यांत नीट सांगितलेले असते आणि पुढच्या फेब्रुवारीत ती रद्दीत जातात. त्यांचा उपयोग आहेच. मीही ती विकत घेतो. पण देवळी तालुक्यात कापूस वेचायला जाणाऱ्या बाईसाठी, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हंगामापुरत्या लागलेल्या मजुरासाठी किंवा समुद्रपूरकडच्या सालगड्यासाठी आयकराचा अर्थ काय, हे त्यांत सापडत नाही. सापडायचे कारणही नाही, कारण यांतले कोणी आयकर भरत नाही.

हे पुस्तक त्यांच्या बाजूने आयकराकडे बघते. वरच्या माणसाचा कर कमी-जास्त झाला, की खालच्या माणसाच्या मजुरीचे काय होते? काही होते का? होत असेल तर कोणत्या वाटेने, आणि वाटेत किती गळते? प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर एका दमात देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. उद्योजकांच्या सभेत गेलो तर कर कमी केला की गुंतवणूक वाढते आणि मजुरी आपोआप वर जाते असे ऐकू येते. कामगारांच्या सभेत श्रीमंतांवर कर वाढवा, गरिबी हटेल असे ऐकू येते. महाराष्ट्राने गेल्या पन्नास वर्षांत या दोन्ही गोष्टी अनुभवल्या आहेत आणि दोन्ही अर्धवट निघाल्या आहेत. खरे काम तिसऱ्याच एका गोष्टीने केले. त्याबद्दल पुढे सविस्तर.

वर्धा जिल्हाच का, असे कोणी विचारेल. आठ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेरा लाख वस्तीचा हा जिल्हा महाराष्ट्राच्या करवसुलीत कुठे ठळक दिसत नाही. इथे पगारदार आहेत ते शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले, पुलगावच्या दारूगोळा भांडारातले, सेवाग्राम आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले, हिंदी विश्वविद्यालयातले. बाकी कापूस, सोयाबीन, तूर आणि रोजी. पण कर आणि गरिबी यांचे नाते ज्याने हिशेबनिसाच्या शिस्तीने मांडले, तो माणूस याच जिल्ह्यात राहत होता.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनमध्ये हिशेब तपासणीचे शिक्षण घेऊन मुंबईत व्यवसाय करणारे, सुटाबुटातले गृहस्थ. १९२० च्या दशकाच्या शेवटी ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करायला गेले. सेलिग्मन म्हणजे आयकराच्या शास्त्रातले त्या काळचे सर्वांत मोठे नाव. जास्त मिळवणाऱ्याने चढत्या दराने कर द्यावा या तत्त्वाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत ते अग्रणी होते. कुमारप्पांनी त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहिला तो ब्रिटिश सरकारच्या करपद्धतीने हिंदुस्थान कसा दरिद्री झाला यावर. १९२९ मध्ये ते गांधींना भेटले, प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः छापून आला, आणि पुढे डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत मुक्काम ठोकला.

याच सेलिग्मन यांचे दुसरे एक हिंदी विद्यार्थी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. (त्या प्रस्तावनेशी या प्रस्तावनेचे नाते फक्त नावापुरते आहे, हे सांगितलेले बरे.) फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना आंबेडकरांनी एक साधी तुलना केली. आयकर भरणाऱ्याला त्या वर्षी उत्पन्नच झाले नाही, तर त्याला कर द्यावा लागत नाही. शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, जमीन एक एकर असो की शंभर, सारा भरावाच लागतो. मला हे भाषण महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की आयकर न भरणाऱ्याच्या बाजूने आयकराकडे बघण्याची ती मराठी मुलखातली एक जुनी आणि स्वच्छ नोंद आहे.

दोघांचा रोख एकाच ठिकाणी नव्हता. आंबेडकरांचे बोट कर कोणावर बसतो याकडे होते. कुमारप्पांचे होते तो जातो कुठे याकडे. सैन्य, कर्जाचे व्याज, साहेबांचे पगार यांवर पैसा गेला की तो ज्या खेड्यातून आला तिथे परत येत नाही, आणि मग कराचा दर कमी असला तरी ते खेडे सुकत जाते, असा त्यांचा मुद्दा. पुढची सगळी पाने या दोन प्रश्नांच्या मध्ये उभी आहेत. माझा स्वतःचा कल कुमारप्पांकडे आहे, हे वाचकाने आधीच ध्यानात घ्यावे.

वर्ध्याने मजुरीचा प्रश्नही फार आधी तोंडावर घेतला. १९३५ मध्ये गांधींनी चरखा संघापुढे कातणाऱ्या बायांच्या मजुरीचा विषय काढला. दिवसभर सूत कातून बाईच्या हातात एक-दोन आणे पडत. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारी उपाशी राहते, हे त्यांना सहन होईना. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत अशी त्यांची इच्छा होती. संघाने ठराव केला तो याहून बेताचा: अंगावर कपडा आणि शास्त्रशुद्ध प्रमाणात अन्न मिळेल इतकी तरी मजुरी द्यायची. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी कताईच्या मजुरीवरच गुजराण करून पाहिली आणि तिच्यात पोट भरत नाही हे स्वतःच्या पोटावर सिद्ध केले.

मजुरी वाढली तशी खादी महागली. विकणाऱ्यांनी कुरकूर केली. गांधींचे उत्तर असे की, फरक खादी घेणाऱ्या शहरातल्या माणसाने सोसावा. म्हणजे पुनर्वाटप झाले ते किमतीतून, आणि तेही ऐच्छिक. ज्याला सोसवत नसेल तो गिरणीचे कापड घ्यायला मोकळा होता, आणि पुष्कळांनी तेच घेतले. मजुरीची किमान पायरी बांधली की वरचा पैसा कोणीतरी द्यावा लागतो. तो कोण देणार हे बांधून घेतले नाही, तर पायरी टिकते पण काम आटते. हाच अनुभव महाराष्ट्राला त्रेपन्न वर्षांनी पुन्हा आला. त्याकडे येण्यासाठी सत्तरच्या दशकातून जावे लागेल.

१९७१ मध्ये केंद्रात अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. इंदिरा गांधींनी आदल्या वर्षी स्वतः मांडलेल्या अर्थसंकल्पात दोन लाखांवरच्या उत्पन्नावर आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९३.५ टक्के केला होता. चव्हाणांनी अधिभार वाढवला आणि तो ९७.७५ टक्क्यांवर नेला. शंभर रुपये जास्त मिळवले तर सव्वादोन रुपये घरी. समाजवादाचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? पण या दराने गरिबाकडे नेमके काय गेले, हे विचारले तर सांगण्यासारखे फारसे निघत नाही. एवढे उत्पन्न दाखवणारेच थोडे, त्यांतही लपवणारे पुष्कळ. वांछू समितीने चढे दर हेच काळ्या पैशाचे एक कारण असल्याचे सांगितले आणि १९७४ मध्ये चव्हाणांनीच तो दर ७७ टक्क्यांवर आणला. जे काही जमा झाले ते सरकारच्या मोठ्या थैलीत गेले आणि तिथून कुठे गेले याचा माग लागत नाही.

त्याच वर्षांत महाराष्ट्रात निराळे काहीतरी चालले होते.

वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी १९६५ मध्ये मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांच्या कल्पनेतून झाला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदचे, म्हणजे वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातले. मग १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे खडी फोडत आणि बांध घालत होती. दुष्काळ ओसरल्यावर सरकारपुढे प्रश्न आला: हे कायमचे करायचे तर पैसा कुठून आणायचा?

दुष्काळाच्या आदल्या वर्षीच, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला होता. जमीन वाटून सर्वांना पुरणार नाही, म्हणून ग्रामीण गरिबांना कामाची हमी द्या आणि तिचा खर्च वरच्या थरातल्या लोकांच्या खर्चाला कात्री लावून उभारा, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला देणे सोपे होते. राज्यांना आयकर लावण्याचा अधिकार नाही, तो केंद्राकडे आहे. शेतीच्या उत्पन्नावर राज्य कर लावू शकते, पण बागायतदारांच्या मतांवर उभ्या असलेल्या सरकारला त्यातून मोठी रक्कम काढणे शक्य नव्हते. मधली एक फट तेवढी होती. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाप्रमाणे व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवर राज्याला कर बसवता येतो. महाराष्ट्राने १९७५ मध्ये त्यासाठी कायदा केला. लोक त्याला ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणतात. पगारपत्रकात तो ‘पी.टी.’ या दोन अक्षरांत मावतो.

या कराची गंमत अशी, की तो उघडपणे एका कामासाठी घेतला गेला. मुंबईच्या कार्यालयातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे वर्धा-बीड-सांगलीच्या बांधावरच्या मजुरीसाठी. जोडीला वाहनांवरचा जादा कर, विक्रीकरावरचा अधिभार, ओलिताच्या जमिनींवरचा कर आणि शहरांतल्या मालमत्तांवरचा रोजगार हमी उपकर. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि त्यात असे बांधून टाकले की या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. रोजगार हमी निधी वेगळा ठेवायचा. कर आणि मजुरी यांच्यामध्ये इतकी आखूड दोरी भारतात दुसरीकडे कुणी बांधल्याचे मला माहीत नाही. ९७.७५ टक्क्यांच्या दराने जे साधले नाही ते कारकुनाकडून घेतलेल्या किरकोळ रकमेने साधले, कारण तिचे टोक कुठे बांधले आहे हे कायद्यात लिहिले होते. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर तेवढेच आहे.

याचा मजुरीवर परिणाम काय झाला? योजनेवर बाई आणि पुरुष दोघांना एकच दर होता. शेतात निंदणाला बाईला मिळणारी रोजी पुरुषाच्या रोजीहून कमी असायची, अजूनही असते. जवळच्या तलावाच्या किंवा पांदण रस्त्याच्या कामावर मोजमापाप्रमाणे समान पैसे मिळतात म्हटल्यावर शेतमालकाला बाईशी बोलताना आवाज थोडा खाली घ्यावा लागला. जाणारे दहाच असले तरी उरलेल्या पन्नासांची रोजी त्यामुळे ठरते. आयकराच्या कोणत्याही सवलतीने हे कधी केलेले नाही.

आता १९८८. किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर रोजगार हमीचा दर जवळपास दुप्पट झाला. आनंदाचीच गोष्ट. पण पुढच्या काळात कामावरची हजेरी झपाट्याने उतरली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर आकडे तपासले आणि विचारले: माणसांना काम नको झाले, की मागूनही मिळेनासे झाले? त्यांचा निष्कर्ष दुसऱ्या बाजूला झुकतो. मजुरी दुप्पट झाली, पण कामे काढणाऱ्या यंत्रणेने हात आखडता घेतला. हमी कागदावर तशीच राहिली. गावात काम निघेना. चरखा संघाच्या वेळी किमतीने जे केले, ते इथे कामे रोखून झाले. पायरी वर नेताना वरचा पैसा त्या प्रमाणात बांधून घेतला नव्हता.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. साठाव्या घटनादुरुस्तीने व्यवसाय कराची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० रुपये केली. तेव्हा ती दहापट वाढ होती. त्यानंतर ती आजतागायत हललेली नाही. महाराष्ट्रात आज दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाकडून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाचे २,५०० घेतात. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे, हे चांगलेच झाले. पण देवळीच्या एमआयडीसीत पंधरा हजारांवर ठेकेदाराकडे राबणारा माणूस २,५०० भरतो आणि मुंबईत महिन्याला पंधरा लाख घेणाराही २,५०० भरतो. गरिबाला मजुरी मिळावी म्हणून आणलेला कर आता गरिबालाच जास्त टोचतो. नव्या आयकर पद्धतीत तर व्यवसाय कराची वजावटही मिळत नाही.

शेतीच्या उत्पन्नावरील आयकराबद्दल मी या पुस्तकात थोडेच लिहिले आहे. १८६० मध्ये जेम्स विल्सनने पहिला आयकर आणला तेव्हा शेतीही त्यात होती, १८८६ पासून ती वगळली गेली, १९७२ मध्ये के. एन. राज समितीने शेतजमिनीवर वेगळा कर सुचवला तो कोणी लावला नाही. कोरडवाहू वर्ध्यात या वादातून हाती फारसे लागणार नाही. इथला बहुतेक कापूसवाला आयकराच्या उंबरठ्याच्या खाली कितीतरी आहे.

तर मग १ फेब्रुवारी २०२५. अर्थमंत्र्यांनी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य केला. पगारदाराला प्रमाणित वजावटीमुळे पावणेतेरा लाखांपर्यंत. यामुळे सुमारे एक लाख कोटी रुपयांचे प्रत्यक्ष करांचे उत्पन्न सोडावे लागेल असे त्यांनीच सांगितले. त्याच अर्थसंकल्पात मनरेगासाठी, म्हणजे केंद्राच्या देशभरच्या रोजगार हमीसाठी, ८६ हजार कोटी होते. दोन आकडे शेजारी ठेवले एवढेच. त्यांतला एक दुसऱ्यातून कापला असे मी म्हणत नाही.

वर्ध्याच्या मापाने ही सवलत मोजून पाहू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शंभर दिवस पुरते भरले तर ३१,२००. बारा लाख कमवायचे तर एका मजुराला एकही खाडा न करता साडेदहा वर्षे काम करावे लागेल. बारा लाखवाल्याचे आधीच्या वर्षाच्या तुलनेत ८० हजार वाचले, म्हणजे २५६ दिवसांची मजुरी. चोवीस लाखांच्या वरच्याचे एक लाख दहा हजार वाचले, म्हणजे ३५२ दिवसांची. आणि सात लाखांच्या आतल्याचे? काहीच नाही, त्याला आधीही कर नव्हता. मध्यमवर्गाला दिलासा असे मथळे आले. दिलासा खरा होता. फक्त सात लाखांवर कमावणारा माणूस मध्यावर आहे, असे म्हणायला वर्धा जिल्ह्याकडे पाठ करून बसावे लागते.

आता मजुरीपर्यंत याची वाट. शिक्षक, रेल्वे कर्मचारी, प्राध्यापक यांचे पगार वेतन आयोगाने ठरतात. कर कमी झाला म्हणून सरकार त्यांची वेतनश्रेणी घटवत नाही. सवलत पूर्ण त्यांच्या हातात. खासगी नोकरीत बोलणी ‘हातात किती’ यावर होतात, तेव्हा वाचलेल्या करातला काही भाग दोन-तीन वर्षांत मालक कमी वेतनवाढीच्या रूपाने परत घेतो. अर्थशास्त्र याला कराचा भार सरकणे म्हणते, आणि बहुतेकांना तो सरकल्याचे कळतही नाही. या लोकांनी वाचलेल्या पैशातून घराला मजला चढवला, तर गवंड्याला आणि त्याच्या हाताखालच्या बाईला काम मिळते. वर्धा शहर, सावंगी, सेवाग्राम रस्ता इथल्या बांधकामांवर आजूबाजूच्या खेड्यांतून रोज माणसे येतात हे कोणीही सकाळी बघावे. झिरप नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्याच पैशाची गाडी घेतली किंवा तो म्युच्युअल फंडात टाकला, तर इथला गवंडी त्यात कुठेच नाही.

उलट बाजूची वाट जास्त सरळ आहे आणि तिची चर्चा कमी होते. आयकर केंद्र गोळा करते, पण वाटणीयोग्य करांचा ४१ टक्के भाग राज्यांचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने त्यात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले. एक लाख कोटी सोडले तर ढोबळ मानाने राज्यांचे ४१ हजार कोटी सोडले, आणि महाराष्ट्राचे अडीच हजार कोटींच्या वर. ३१२ रुपयांच्या हिशेबाने ती आठ कोटींहून जास्त दिवसांची मजुरी होते. ती सगळी मजुरीवरच गेली असती असे अर्थातच नाही. अधिभार आणि उपकर राज्यांना वाटले जात नसल्याने आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण सवलत जाहीर करणारा एक आणि तिचा भार उचलणारे अनेक, हे त्यातून दिसते.

खरे तर २०२५ मध्ये वर्ध्यात ज्या करबदलाची चर्चा झाली तो आयकराचा नव्हताच. १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि मग ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन नवा कापूस घरात यायच्या तोंडावर बाहेरचा कापूस स्वस्त झाला. लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. तो पदरात पडायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर नोंदणी, ओलावा आणि रांग. वेचणी किलोवर ठरते आणि बाईला पैसे आठवड्याच्या बाजाराच्या आत द्यावे लागतात. शेतकऱ्याचा चुकारा मात्र केव्हा येईल ते तोच सांगू शकत नाही. त्यामुळे भाव पडला की वेचणीचा दर पडतो असे नव्हे; वेचे कमी होतात, शेवटची बोंडे पऱ्हाटीवर राहतात. दर टिकतो आणि काम आटते. तीच गोष्ट, तिसऱ्यांदा.

एका गोष्टीची नोंद इथे करायला हवी, कारण तिच्यावर पुस्तकात वेगळे प्रकरण आहे. आयकर आता पैसा आणण्याबरोबर माणसे चाळायचेही काम करतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे आणि घरात कोणी आयकरदाता नसावा. पीएम-किसानलाही आयकरदाता चालत नाही. ज्या शेतमजूर घराने आयकर कधी पाहिला नाही, त्याच्यासाठी आयकर म्हणजे अर्जातली एक ओळ झाली आहे. या दीड हजारांमुळे ‘बाया कामाला येत नाहीत’ अशी शेतकऱ्यांची तक्रार चावडीवर ऐकू येते. तक्रारीत तथ्य किती आणि जुना राग किती, हे मी त्या प्रकरणात तपासले आहे. एवढेच सांगतो, की रोजगार हमी आली तेव्हाही वाक्य शब्दशः हेच होते.

पुस्तक पूर्ण होत आले असताना, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, ज्याला वर्तमानपत्रे ‘जी राम जी’ म्हणतात. कामाचे दिवस शंभरावरून सव्वाशे झाले. पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवायची तरतूद आली. बाईच्या पाठीशी दुसऱ्या कामाचा आधार नेमका तेव्हाच लागतो, जेव्हा मालकाला तिची गरज सर्वांत जास्त असते. वेचणीची रोजी त्या आठवड्यांत ठरते. या तरतुदीचा परिणाम वर्ध्यात आयकराच्या कोणत्याही बदलाहून मोठा होईल असे मला वाटते.

आणि खर्चाची वाटणी बदलली. अकुशल कामाची मजुरी आजवर पूर्णपणे केंद्र देत होते. आता बहुतेक राज्यांना चाळीस टक्के उचलायचे आहेत. महाराष्ट्राजवळ १९७७ चा स्वतःचा कायदा आहे, शंभर दिवसांपुढच्या कामाचा भार राज्याने घ्यायची परंपरा आहे आणि व्यवसाय कर आहे. म्हणजे प्रश्न पुन्हा पागे आणि नाईक यांच्या टेबलावर आला म्हणायचा. फरक इतकाच की तेव्हा राज्य नवा कर घेऊन मुंबईच्या पगारदाराकडे जाऊ शकले. आज तोच कर २,५०० रुपयांवर अडला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने मर्यादा १८ हजारांपर्यंत न्यावी असे सुचवले, ते तसेच पडून आहे, आणि ती वाढवण्याचा अधिकार मुंबईच्या विधानभवनाकडे नसून दिल्लीच्या संसदेकडे आहे. पहिले प्रकरण म्हणून पगारपत्रकातल्या त्या दोन अक्षरांच्या रकान्यापासून सुरू होते.